कॅनोपी लावण्याआधी

तीन रिटायर्ड माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसून प्लॅस्टिकची विमानं चिकटवायला लागली, की किस्से आपोआप साचतात. पंचाईत वेगळीच आहे. किस्सा सांगताना "आठवतं ना?" असं ज्याला विचारायचं, तोच समोर नसतो. म्हणून तुम्हाला पकडलंय. ऐका आता.

आम्ही तिघे म्हणजे मी, नागपूरचे ढोमणे आणि सक्सेनाजी. तिघेही भोपाळच्या कारखान्यात टर्बाइन बनवता बनवता म्हातारे झालो. रिटायर झाल्यावर बरखेड्याची क्वार्टर्स सोडून अवधपुरीत घरं बांधली आणि जुन्या लढाऊ विमानांची किट्स मागवून जोडायला लागलो.

आमचा कायदा एकच, तोही कारखान्यातून उचललेला. टर्बाइनचं वरचं आवरण बसवण्याआधी दुसऱ्या माणसाने आत डोकावायचं. कुणाचा पाना आत राहिला नाही ना, सगळं जागेवर आहे ना, हे बघायचं. तो "ठीक है" म्हणाला की मगच बंद करायचं. ज्याने काम केलं त्याने स्वतःला पास करायचं नाही. विमानात हा कायदा कॉकपिटला लागू. वरचं पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनोपी, एकदा चिकटली की आतलं नखाएवढं काम कुणाला धड दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने बघितल्याशिवाय कॅनोपी लावायची नाही.

माझं नॅट विमान दिवाळीपासून तसंच उघडं पडलंय. बघायला कुणी नाही.

*

ढोमणे क्वालिटीत होते. त्यांचं पहिलं किट आलं तेव्हा त्यांनी आधी व्हर्नियर काढला. किट खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचं, म्हणून पंख मोजला, बहात्तरने गुणला आणि खऱ्या विमानाच्या मापाशी ताडून पाहिला. मॉडेल जरासं कमी भरलं. झालं! डब्यावर लाल पेनने "रिजेक्टेड" लिहून खाली सही ठोकली आणि डबा कपाटावर टाकला.

सक्सेनाजींनी शांतपणे चष्मा पुसला. म्हणाले, "ढोमणे भाई, इसमें बैठना किसको है?"

तो डबा काही उघडला गेला नाही.

*

काही विमानांच्या नाकात आतून वजन भरावं लागतं, नाहीतर ती शेपटीवर बसतात. ढोमणे विसरले. रंगरंगोटी होऊन विमान टेबलावर ठेवलं, तर नाक आढ्याकडे. आता फोडणार कसं? त्यांनी शेपटीखाली पेन्सिलीचा तुकडा टेकू म्हणून लावला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा मागवला.

ढोमणेवहिनी चहा घेऊन आल्या. विमानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"यालाही काठी लागली का?"

*

सक्सेनाजी तसे धीराचे, पण एकदा त्यांनाही घाई नडली. कॅनोपी लावायला त्यांनी साधा सुपर ग्लू वापरला. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक आतून पांढरं पडतं. तसंच झालं. महिनाभराची मेहनत धुक्यात गेली. मला खरंच वाईट वाटत होतं.

शेवटी सक्सेनाजीच म्हणाले, "जनवरी है। आज की उड़ान रद्द।"

*

जवाहर चौकातल्या कुरियरवाल्याचा फोन मी जन्मात विसरणार नाही. पार्सलवर "फायटर एअरक्राफ्ट" असं छापलेलं. तो वैतागला होता.

"अंकल, आपका हवाई जहाज दो दिन से खड़ा है। जगह घेर रहा है, उठवा लीजिए।"

तिघं मिळून आणायला गेलो. डबा पिशवीत मावला.

*

ढोमणे गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांची विमानं वहिनींनी दिवाणखान्यात मांडून ठेवली आहेत, टेकूवालंसुद्धा. मी एकदा नॅट दाखवायला घेऊन गेलो होतो, पण त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग पुन्हा विमान घेऊन जायचं धाडस झालं नाही. पावसाळा संपता संपता सक्सेनाजींना मुलगा बंगळूरला घेऊन गेला. सुनंदा, माझी बायको, तर आधीच पुढे गेलेली. रविवारी मी टेबल पुसतो, नॅट पुढ्यात घेतो, कॉकपिटमधली धूळ ब्रशने काढतो आणि परत ठेवून देतो. फार एकटं वाटतं, लपवायचं काय त्यात?

तुम्ही म्हणाल, लाव की कॅनोपी, कोण विचारतंय? तेच तर. कुणी विचारत नाही म्हणूनच लावता येत नाही.

*

शेवटी लाज सोडून शेजारच्या नव्या भाडेकरूला बोलावलं. सॉफ्टवेअरवाला, गोड मुलगा. त्याला हातात भिंग दिलं, आत बघ म्हटलं. त्याने बघितलं, अगदी मनापासून बघितलं.

"अंकल, मस्त है। चार्जिंग कहाँ से होती है?"

त्याला चहा पाजला. याला काही पास होणं म्हणत नाहीत.

*

गेल्या रविवारी सकाळी सक्सेनाजींचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे मन रमत नाही, सून चांगली आहे, पण बोलायला कुणी नाही, असं बरंच काही म्हणाले. मी म्हटलं, नॅट तयार आहे, सीट, बेल्ट सगळं बसवलंय, तुमच्या "ठीक है"साठी अडलंय.

"तो दिखाइए ना, पाटणकर साहब।"

मी एका हाताने विमान खिडकीच्या उजेडात धरलं, दुसऱ्या हाताने फोन त्याच्यावर आणला. हात हलू नये म्हणून श्वास रोखून धरला. नजर कॉकपिटवर. सक्सेनाजी हळूहळू बोलू लागले.

"वाह। सीट बढ़िया बैठी है... बेल्ट भी बनाए हैं आपने। बहुत बारीक काम है। सब साफ दिख रहा है।"

चॉकलेटच्या चांदीचे बेल्ट होते ते. कापताना दोनदा फाटले होते. म्हटलं, पसंत पडलं, आता बंद करू. फोन ठेवायला म्हणून स्क्रीनकडे पाहिलं.

कॅमेरा माझ्याकडेच होता. कोपऱ्यातल्या चौकोनात विमान नव्हतंच. माझी वाढलेली दाढी होती, चष्मा होता, आणि मागे रिकाम्या खुर्च्या. सक्सेनाजी स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन बघत होते.

मी विचारलं, "तो लगा दूँ, सक्सेनाजी?"

"रुकिए," ते म्हणाले, "थोड़ा और देखने दीजिए।"