बाबांचा वाल आणि माझं खत

मी खताच्या कंपनीत नोकरीला होतो, त्यामुळे मला शेतीतलं सगळं कळतं असा आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा ठाम समज होता. मी तिथे बिलं टाईप करायचो. पण कोणी "साहेब, तुळस का वाळतेय?" असं विचारलं, की कुंडीभोवती एक चक्कर मारून मी गंभीरपणे सांगायचो, "नत्र कमी पडतंय." (नत्र म्हणजे नायट्रोजन, एवढं बिलावरच छापलेलं असायचं!)

आई गेल्यावर बाबांना आम्ही रत्नागिरीकडच्या गावाहून मीरा रोडला आणलं. आणलं म्हणजे काय, हातापाया पडून आणलं. गावात ते एकटे पडले असते, आणि त्या विचाराने मला जेवण जात नव्हतं. बाबांनी मात्र अट घातली, "हितं वाल पिकला तर र्‍हातो. न्हाय तर शिमग्याला गावी जाईन, तो परत यायचा न्हाय!"

आमचं घर तळमजल्यावर. मागे कंपाउंडपर्यंत चटई पसरावी एवढी जमीन होती. खाडीकाठचं दलदलीचं खाजण बुजवताना बिल्डरने घोडबंदरकडच्या टेकडीची तांबडी माती आणून ओतली होती. बाबांनी ती मुठीत घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरं, ही तर आपल्याकडची माती हाय!" मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

पावसात त्यांनी चाचणी म्हणून चवळी टाकली. ती वीतभर वाढली आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, जगाला खत विकता, घरच्या चवळीला नको का?" झालं! मी अमोनियम सल्फेटची पिशवी आणली आणि घरचंच आहे म्हणून जरा सढळ हाताने घातली. चार दिवस पानं हिरवी झाली. मी छाती काढून फिरलो. पाचव्या दिवशी पुन्हा पिवळी! मी पुन्हा खत घातलं. बाबांनी आंबट ताक शिंपडलं. सुनंदाने कोकमं धुतलेलं पाणी ओतलं (फुकट कशाला घालवायचं?). एवढ्या प्रेमापुढे चवळीने मान टाकली.

दसऱ्याआधी बिल्डिंगला चुना लावायचं काम निघालं. रंगाऱ्याने चुन्याचं पिंप नेमकं बाबांच्या वाफ्याच्या कडेला ठेवलं. मी ओरडलो, "अरे, ये गिर जायेगा! हटाओ इसको!" तो चहा प्यायला गेलेला. म्हणून पिंप मीच सरकवायला गेलो. अर्धं पिंप वाफ्यात!

बाबा बाहेर आले. पांढऱ्या वाफ्याकडे बघितलं, पांढऱ्या माझ्याकडे बघितलं.

"चवळी मारलीस. आता माती पन मारलीस?"

लोकांना दिसू नये म्हणून त्यांनी फावड्याने तो चुना मातीत गाडून टाकला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीनंतर, केवळ गावाहून आणलेलं बी वाया जाऊ नये म्हणून, त्यांनी वाल पेरला.

आणि वाल आला! असा आला, की वरच्या मजल्यावरचे किरीटभाई सकाळी दात घासताना गॅलरीत उभे राहून बघत बसायचे. काळपट हिरवी पानं, जाडजूड वेल. बाबा आता शिमग्याचं नावच काढत नव्हते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खतवाला माणूस! संक्रांतीच्या सुमारास बाबा बाजारात गेलेले असताना 'बघू तरी' म्हणून मी एक वेल उपटला. मुळांना सगळीकडे बारीक बारीक गाठी! रोग! दुसरा उपटला, तिथेही गाठी. तिसरा, चौथा...

वरून किरीटभाई ओरडले, "अरे साहेब, शुं करो छो? अच्छा खासा झाड है!"

"किरीटभाई, जड में गांठ है! पूरा फैल जायेगा!"

अर्धी रांग उपटून झाली तेव्हा पाठीमागे बाबा उभे होते. हातातली पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसते आत गेले आणि ट्रंकेत धोतरं भरू लागले.

"बाबा, रोग पडला होता हो!"

"रोग तू हायस," ते म्हणाले. "उद्या रातीच्या गाडीनं जातो."

दुसऱ्या दिवशी उपटलेल्या वेलांपैकी एकाचं मूळ मी जेवणाच्या डब्यात घालून ऑफिसात नेलं आणि आमच्या शेतीतज्ज्ञ साहेबांपुढे उघडलं. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, कपाळाला हात लावला आणि नखाने एक गाठ फोडली. आत गुलाबी! खरोखर, रक्त असावं तसं.

"अहो, हा रोग नाही. यात जिवाणू राहतात. आपल्या रक्तात असतो ना, त्याच जातीचा हा लाल रंग आहे. हवेतलं नत्र पकडून ते झाडाला खाऊ घालतात, आणि झाड त्यांना साखर देतं. आंबट मातीत त्यांचं काही चालत नाही. तांबडी माती मुळात आंबट, त्यात तुम्ही आमचं खत घालून ती आणखी आंबट केलीत. तुमच्या हातून एकच शहाणपणाचं काम झालं, चुना सांडलात तो."

मी त्या गाठीकडे बघतच राहिलो. जे बनवायला आमच्या कंपनीला केवढ्या चिमण्या, केवढ्या भट्ट्या लागायच्या, ते हा मोहरीएवढा दाणा अंधारात, मुकाट, माझ्या संडासाच्या भिंतीमागे बनवत होता!

संध्याकाळी धावत घरी आलो. बाबा ट्रंकेवर बसले होते. त्यांना ओढतच मागे नेलं, गाठ फोडून दाखवली, सगळं सांगितलं. ते उकिडवे बसले आणि दुसरी गाठ स्वतःच्या नखाने फोडून तो गुलाबी ठिपका बघितला.

"गाठी जन्मभर बघितल्या," ते हळूच म्हणाले. "आत कुनी र्‍हातंय ते ठावं नव्हतं. म्हंजे गावाला आपन पालापाचोळा पसरून राब भाजतो, ती राख..."

"आंबटपणा मारते, बाबा."

किरीटभाई खाली उतरून आले होते. कांदा-बटाटासुद्धा, जमिनीखालचं काही न खाणारा तो जैन माणूस. "एटला बधा जीव? इतने सारे?" असं म्हणत त्यांनी त्या मुळाला हात जोडले. कोणी हसलं नाही. आम्हीही नकळत जोडले.

मग बाबा उठले, ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली आणि म्हणाले, "न्हाय जात."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी राहताय?"

"तुज्यासाठीच," ते म्हणाले. "तुला हितं मोकळा सोडून गेलो, तर त्या एवढ्या जिवांनी कुनाच्या तोंडाकडं बगायचं?"