अंग पुसतानाची वीस मिनिटं

वॉर्डात तिला सगळे मोठी सिस्टर म्हणायचे. वय चव्वेचाळीस, नोकरीची एकोणीस वर्षं आणि एका पाळीला बत्तीस पेशंट. परदेशातल्या ज्या हॉस्पिटलनं तिला बोलावलं होतं तिथे एका नर्सकडे सहाच पेशंट असतात, असं एजन्सीतल्या बाईनं सांगितलं. सहा! ऐकल्याबरोबर तिच्या सुजलेल्या पायांनीच हो म्हणून टाकलं. आधी ती जाणार, वर्षभरानं नवरा आणि मुलगी. आडवी आली होती ती तिथल्या भाषेची परीक्षा. लिहिणं, वाचणं, ऐकणं पार पडलं होतं. बोलण्यात ती दोनदा नापास झाली होती. आता तिसरी खेप, आणि पंचेचाळिशी उलटली की ते हॉस्पिटल घेणार नव्हतं.

कसर अशी तिनं ठेवली नव्हती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बसमध्ये कानात धडे लावले आणि दोनदा शेवटच्या थांब्यावर जाऊन उतरली, कारण धडा लागला की डोळा लागायचा. एकेक शब्द दहा दहा वेळा लिहिला. पण परीक्षेत समोरच्या माणसानं ‘घरच्यांबद्दल सांगा’ म्हटलं की पाठ केलेला एकही शब्द आठवायचा नाही.

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, “वही मिटा आता. रोज वीस मिनिटं तोंडानं बोला. चुकलं तरी चालेल, पण कुणाशी तरी बोला. भिंतीशी नको.”

कुणाशी बोलणार? मुलगी तिचे उच्चार ऐकून उशीत तोंड खुपसून हसायची. नवरा तिसऱ्या वाक्याला घोरायचा. उरल्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने त्या खाटेवर होत्या. सकाळी त्यांचं अंग पुसायला, पाठीला पावडर लावायला, वेणी घालायला बरोबर वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ त्या कुठे उठून जाणार नव्हत्या.

“हे पाणी आहे. पाणी कोमट आहे. हा तुमचा डावा हात,” तिनं परक्या भाषेत सुरुवात केली.

“काय गं पुटपुटतेस? मंत्रबिंत्र मारतेस की काय माझ्यावर?”

“अभ्यास करतेय, आई.”

“कर बाई. मी काय, पडलेलीच आहे. तेवढं पाणी गार झालंय ते बघ आधी.”

पंधरा दिवस हात, पाय, टॉवेल, पावडर चाललं. मग एका सकाळी ती रात्रपाळी करून घरी आली, पर्स खांद्यावर असतानाच चहा टाकला आणि कप सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेऊन तो बाजूला ठेवला. “पांचट झालाय. माझी लेक चहा कसा फर्मास करते.”

तिनं टॉवेल पिळला. लग्नाच्या बावीस वर्षांत तिनं कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. पण पाठ पुसता पुसता त्या दुसऱ्या भाषेत तोंडून निघून गेलं, “मी रात्रभर उभी होते. तुमची लेक आठ महिन्यांत दोनदा आली. दोन्ही वेळा चहा मी केला.” वाक्यं मोडकीतोडकी होती, पण अडली नाहीत. ती स्वतःच चमकली.

तेव्हापासून वहीतले शब्द बदलले. पुस्तकातलं विमानतळ आणि वाचनालय दुसऱ्या दिवशी विसरायला व्हायचं. टोमण्याला काय म्हणतात ते मात्र एकदाच पाहिलं आणि पक्कं बसलं. तसंच ‘गृहीत धरणं’, तसंच ‘कौतुक’. बसमध्ये आता ती जागी असायची. उद्या काय काय सुनावायचं त्याची जुळवाजुळव करत. आवाज तेवढा मऊ ठेवायचा. सासूबाई डोळे मिटून पडायच्या. मधेच म्हणायच्या, “आज लांबली गं तुझी पोथी.”

चार महिन्यांनी परीक्षा झाली. “घरातल्या एका व्यक्तीबद्दल सांगा,” परीक्षक बाई म्हणाल्या. तिनं चहापासून सुरुवात केली आणि आपल्या बाळंतपणापर्यंत पोचली तेव्हा परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

“यांची काळजी कोण घेतं मग?” त्यांनी विचारलं.

“मीच,” ती म्हणाली.

पास झाली. निकालाचा कागद हातात आला तेव्हा आनंदापेक्षा कुठेतरी आडवं व्हावं असंच वाटलं. नणंदेनं कुरकुरत का होईना, येऊन राहायचं कबूल केलं. सासूबाईंना सांगायचं काम तिच्यावरच आलं. वेणी घालताना तिनं सांगून टाकलं.

सासूबाईंनी पांघरुणाची घडी बोटांनी सारखी केली. मग म्हणाल्या, “परीक्षेत काय विचारलं?”

“घरच्यांबद्दल. तुमच्याबद्दलच बोलले मी.”

“काय सांगितलंस?”

“चांगलंच की.”

“खोटारडी! चांगलं सांगायला चार महिने शिकावं लागतं का? माझी पाठ किती जोरात घासली जायची ते मला कळत नव्हतं होय? आता आपल्या भाषेत सांग.”

“जाऊ दे ना, आई.”

“जाऊ दे कसं? त्या परक्या बाईला सांगितलंस, मला नाही सांगणार?”

तिनं तोंड उघडलं. त्या भाषेत भराभर येणारा एकेक शब्द आपल्या भाषेत दगडासारखा जड झाला. हातातली अर्धी वेणी तशीच राहिली. शेवटी ती खाटेच्या कडेवर टेकली.

“लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात,” ती म्हणाली, “माझी आई भेटायला आली होती. तुम्ही तिला दारातूनच…”

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “तिथपासून?”

“तिथपासून.”

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. उशी सरळ करायला हात उचलला, तो पोचला नाही. तिनं ती सरळ करून दिली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “सांग.”