तीन नंबरचं मशीन

स्वतःच्या फजित्या मी सहसा कुणाला सांगत नाही. पण ही सांगतो, कारण आमच्या अख्ख्या कारखान्याला ती ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मी रत्नागिरीत एका मासळीच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. कोळंबी, माकूल, बांगडा असा माल साफ करून, गोठवून परदेशी जातो. मासळीला माझा हात लागत नाही. पण कुठली पेटी कधी भरली, किती थंडीत ठेवली, याचा कागद निघाल्याशिवाय एक कोळंबीही फाटकाबाहेर पडत नाही. आणि तो कागद निघतो माझ्या खोलीतल्या सर्व्हरमधून.

सर्व्हर तीन आहेत, एकावर एक बसवलेले. तिघांच्या डिस्क मिळून एकच साठा होतो. प्रत्येक माहितीच्या दोन प्रती असतात, दोन वेगळ्या मशीनवर. उरलेलं मशीन त्या माहितीपुरतं नुसतं साक्षीला, ताजी प्रत कुठली ते सांगायला. तिघांतलं एक बंद पडलं तरी काम चालू राहतं. दोन बंद पडली, की उरलेलं एकटं गप्प बसतं. प्रत जवळ असली तरी देत नाही, कारण ती खरी म्हणायला दुसरं कुणी उरत नाही. शहाणपणाचं वागणं आहे. त्या दिवशी त्या खोलीत तेवढंच काय ते शहाणपण होतं.

झालं काय, तीन नंबरच्या मशीनचा पंखा आठवडाभर घरघरत होता. नवा पंखा आला. मंगळवारी सकाळी दहाला बदलायचं मी ठरवलं. मालक मयेकर साहेब स्वतः विचारायला आले. दुपारी दोनला कंटेनर मुंबईच्या बंदराकडे सुटायचा होता. उशीर झाला तर जहाज चुकलं. पंखा उद्या बदलला तर नाही का चालणार, असं त्यांचं म्हणणं.

मी हसलो. खरंच हसलो हो. त्यांना सगळी रचना समजावली आणि वर म्हणालो, "साहेब, एक मशीन मेलं तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

मग स्क्रीनवर तीन नंबरला देखभालीत टाकलं, म्हणजे चालू असूनही कामातून बाजूला काढलं. त्याच्यावरची कामं आपोआप बाकीच्या दोघांवर गेली. त्याच्या डिस्कवरचा साठाही हलवायचा का, असं सिस्टिमने विचारलं. हलवायचा कुठे? तीनच तर मशीनं. राहू दे म्हटलं. म्हणजे पंखा बदलेपर्यंत बऱ्याचशा माहितीची एकच प्रत चालू राहणार होती. पण वीस मिनिटांचं तर काम. तेवढ्यात दुसरं मशीन कशाला मरतंय?

रॅकपाशी गेलो. '३' असं स्टिकर असलेल्या मशीनचं बटण दाबून ते बंद केलं, ओढून टेबलावर घेतलं, झाकण काढलं, पंखा उपसला. तेवढ्यात फोन वाजला.

डिस्पॅचच्या नलिनीताई. मूळच्या मिरकरवाडा बंदरावरच्या, आवाज मासळीच्या लिलावात तयार झालेला. त्यांची स्क्रीन गोठली होती. मी काही बोलेपर्यंत शीतगृहाचा फोन, मग पॅकिंगचा. स्क्रीनकडे पाहिलं तर एक नंबरच्या मशीनपुढे लाल अक्षरांत लिहिलेलं: संपर्क नाही.

 तीन नंबर टेबलावर उघडं, आणि नेमकं आत्ताच एक नंबर गेलं? '१' स्टिकरच्या मशीनकडे धावलो. दिवे छान हिरवे. पंखे फिरतायत. स्क्रीन म्हणते मेलंय, आणि हे तर जिवंत दिसतंय. दोनदा बंद करून चालू केलं. काही फरक नाही. वायरी काढून पुन्हा लावल्या. नाही. आतला मदरबोर्ड गेला, असं मी ठरवून टाकलं.

मशीनं बसवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, तीन नंबर लगेच जोडा. मी सांगितलं, ते टेबलावर उघडं पडलंय.  मग तो म्हणाला, जोडून तरी काय उपयोग, त्याच्यावरची प्रत ते बंद केलं तेव्हाची. त्यानंतरचं लिखाण गेलं ते एक नंबरवर. एक नंबरच उठायला हवं. बोर्ड गाडीने पाठवला तर संध्याकाळपर्यंत पोचेल.

संध्याकाळ! हे मयेकर साहेबांना कुणी सांगायचं? मीच. ऐकून ते वळले. बाहेरच्या स्टुलावर बसले आणि फोन करायला लागले. आधी मुंबईच्या एजंटला, मग परदेशातल्या गिऱ्हाइकाला. मोठं यंत्र निकामी झालंय, आमच्या माणसाचा काही इलाज चालत नाही, असं ते इंग्रजीत सांगताना मला आतून ऐकू येत होतं. फाटकापाशी कंटेनरचं थंडीचं इंजिन धडधडत होतं. 

साडेबाराला नलिनीताई नारळ घेऊन आल्या. सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. कुणाची नजर लागली असेल, कुणाचा पाय आडवा पडला असेल, कुणाच्या हातून जाणता अजाणता चूक झाली असेल, तर पदरात घे म्हाराजा. मीही हात जोडून "होय म्हाराजा" म्हणालो. चूक कुणाची ते तेव्हा मला माहीत नव्हतं. देवाला असावं.

मग पुण्याचा फोन आला. बोर्ड निघायच्या आधी मेलेल्या मशीनचा कंपनीचा नंबर हवा होता, मागच्या पत्र्यावर कोरलेला. नलिनीताईंनी मोबाइलचा उजेड धरला, मी आडवा पडून '१' स्टिकरच्या मशीनचा नंबर वाचला.

 मग त्याने तोच नंबर पुन्हा वाचायला लावला.

"आमच्या यादीत हा नंबर तर तीनचा आहे," तो म्हणाला. "टेबलावर काय आहे, ते वाचा बघू."

मी उठलो. टेबलावरच्या मशीनचा नंबर वाचला. वाचता वाचताच माझा आवाज खाली गेला.

"ते एक नंबर आहे," तो म्हणाला. "मेलेलं नाही. तुम्ही बंद केलंय."

स्टिकरं मीच लावली होती, वरून खाली मोजून. मशीनं बसवणाऱ्यांनी मोजली होती खालून वर, इमारतीचे मजले मोजतात तशी. माझं तीन ते त्यांचं एक; स्क्रीनवर देखभालीत टाकलं त्यांचं तीन, आणि बटण दाबून मारलं त्यांचं धावतं एक. गेले अडीच तास ज्याच्या नावाने रडत होतो, ते टेबलावर माझ्याच पुढ्यात पोट उघडून पडलं होतं.

नलिनीताईंनी मोबाइलचा उजेड बंद केला. "काय केलात ह्या?" एवढंच म्हणाल्या.

पंखा परत बसवताना चार स्क्रू सहा वेळा हातातून पडले. मशीन रॅकमध्ये सरकवलं, बटण दाबलं. ते उठायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात मी काय काय नवस बोललो ते सांगत नाही, अजून फेडतोय. मग लाल अक्षरं गेली. तीन नंबरही देखभालीतून परत घेतलं, आणि मधल्या वेळात राहिलेलं लिखाण ते आपलं आपण भरून घ्यायला लागलं. एक ओळसुद्धा हरवली नव्हती. उरलेलं मशीन गप्प बसलं, म्हणून वाचलो.

कागद निघाले. कंटेनर सव्वादोनला सुटला. जहाज मिळालं.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  शेवटी त्यांनी विचारलं, ही सिस्टिम एका वेळी किती बिघाड सोसते?

"एक, साहेब."

"मग यापुढे मशीन बंद ठेवायचं असेल," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही रजा घेत चला."