दसऱ्याला टाकलेला भार

नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून आम्ही अकोल्याहून जयपूरला आलो आणि दुर्गापुऱ्याजवळच्या एका व्यापारी इमारतीत मला देखभालीची नोकरी लागली. लिफ्ट, पाण्याचे पंप, एसी आणि मागच्या अंगणातला जनरेटर, सगळं माझ्या गळ्यात. माझ्यावर एक साहेब होते, मालकांचे मेहुणे. विजेशी त्यांचा संबंध बटण दाबण्यापुरता, पण प्रत्येक निर्णय त्यांचाच. या माणसाचा मी सूड घेतला, आणि ते सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

जुना जनरेटर बदलायचा ठरला तेव्हा मी इमारतीचा भार मोजून ठेवला होता. भर उन्हाळ्यात सगळे एसी चालू असताना किती, लिफ्ट सुरू होतानाचा झटका किती, सगळं बघितलं. मध्यम आकाराचं यंत्र पुरेसं होतं. साहेबांनी त्याच्या दुपटीहून मोठं निवडलं, कारण शेजारच्या इमारतीत तेवढं होतं. मी बैठकीत सांगितलं, की डिझेलच्या इंजिनाला पुरेसं काम मिळालं नाही तर ते नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि त्याचं काळं, चिकट तेल धुराड्यात साचत जातं. साहेब मालकांकडे बघून हसले.

"मैडम को घर का इन्वर्टर समझ में आता है. ये ज़रा बड़ी चीज़ है."

टेबलाभोवतीचे सगळे हसले, मालकसुद्धा. त्या दिवसापासून मी त्या माणसावर दात धरून होते.

पुढे प्रत्येक बाबतीत तेच. धुराडं गच्चीच्या वर न्यायला हवं होतं. रस्त्यावरून दिसेल, काचेच्या इमारतीची शोभा जाईल म्हणून साहेबांनी ते अंगणातच आखूड ठेवलं. दर आठवड्याला जनरेटर चालवून बघताना त्यावर इमारतीचा भार टाकावा, असं मी म्हटलं; भार बदलताना दिवे लुकलुकतात आणि भाडेकरू कुरकुर करतात म्हणून तो रिकामाच फिरवायचा हुकूम निघाला. घोंघावायचा मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं केवढं काम चाललंय. बडा घर पोकळ वासा.

व्हायचं तेच झालं. धुराड्याच्या सांध्यांतून काळे थेंब ओघळायला लागले. साहेबांनी ते मालकांना नेऊन दाखवलं आणि सांगितलं, मॅडमनी नवं कोरं यंत्र खराब केलं, दिवाळीनंतर दुसरा माणूस बघू. चोराच्या उलट्या बोंबा. नोकरी जाण्यापेक्षा तो शिक्का मला खुपत होता. यंत्र बिघडवणारी बाई म्हणून नाव झालं की दुसरी इमारत कोण हातात देणार? घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे नं, कायले डोक्याले ताप करून घेतं तू?" मला जाऊ द्यायचं नव्हतं.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. या इमारतीत दसऱ्याला जनरेटरची होत असे. झेंडूची माळ, कुंकवाचा टिळा, नारळ, आणि मग साहेबांच्या हस्ते बटण. मी मालकांना आधीच विचारून ठेवलं, की सुट्टीमुळे इमारत रिकामी आहे, तर पूजेनंतर यंत्रावर पूर्ण भार टाकून दाखवते, दोष कुणाचा ते तिथेच कळेल. ते हो म्हणाले. मी भाड्याने लोड बँक आणली. ही हिटर आणि पंख्यांची मोठी पेटी असते. जनरेटरला हवं तेवढं काम देणं, एवढाच तिचा उपयोग.

साहेब पांढराशुभ्र जोधपुरी कोट घालून आले होते. टिळा लावून ते फोटोसाठी यंत्राला टेकून उभे राहिले, बरोबर त्या आखूड धुराड्याखाली. मी मालकांना आणि बाकीच्यांना पलीकडे भिंतीच्या सावलीत नेलं. साहेबांनाही म्हटलं, "सर, इधर छाँव में आ जाइए." त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

साहेबांनी बटण दाबलं आणि तिथेच फोटो काढून घेत राहिले. मी इंजिन तापू दिलं, मग थोडा थोडा भार चढवत गेले. निम्म्यावर आल्यावर धुराचा जोर वाढला, धुराडं खोकलं आणि इतक्या दिवसांचं साचलेलं काळं तेल त्यातून उडालं. जोधपुरीवर, केसांवर, चेहऱ्यावर. डोळे तेवढे पांढरे राहिले. ते तोंड पुसायला गेले तर ते आणखीच पसरलं. मला इतका आनंद झाला, की हसू लपवायला मी मीटरवर वाकले. मालकांनी विचारलं, हे काय आहे. मी शांतपणे सगळं सांगितलं: आकार कुणी ठरवला, रिकामं फिरवायचा हुकूम कुणाचा, धुराडं कुणी आखूड ठेवलं. साहेब शेजारीच उभे राहून रुमालाने कोट पुसत होते.

माझी नोकरी राहिली. धुराडं साफ करून घेतलं, इंजिन सुदैवाने शाबूत निघालं. मालकांनी तो जनरेटर विकून मी सांगितलेला घ्यायचं ठरवलं, आणि विकायचं काम मेहुण्यांवर टाकलं.

गिऱ्हाइकं यायला लागली. मी अंगणाच्या फाटकाचं कुलूप उघडून बाजूला उभी राहायची. प्रत्येक जण यंत्राभोवती फिरायचा, नवं दिसतंय म्हणायचा आणि मग विचारायचा, "तो बेच क्यों रहे हो?" आणि साहेबांना माझ्यासमोर सांगावं लागायचं, की हमने ज़रूरत से बड़ा ले लिया था. कुणी कुणी पुढे विचारायचं, किसने पसंद किया था? तेव्हा ते जमिनीकडे बघायचे.

पहिलंच गिऱ्हाईक खरं तर चांगलं होतं, लगेच उचलायला तयार होतं. मीच मालकांना म्हटलं, घाई नको, आणखी काही जण बघून जाऊ देत.