सांडलं न्हाई, ओतलं

वडूजकडं जाणाऱ्या रस्त्याला सिकंदर शिकलगारांचं गॅरेज होतं. नवा ट्रकवाला आला की जुने त्याला मुद्दाम सांगायचे, "मिस्त्रींना इचार आधी, चपला भाईर काढायच्या का म्हणून." कारण गॅरेज म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं ते तिथं नव्हतं. फरशीवर तेलाचा थेंब पडला तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून आधी त्यावर लाकडाचा भुसा टाकत. पाने आकारानं लावलेले, चिंध्या एका डब्यात, दाराशी बादली आणि साबणाचा तुकडा. इंजिनातलं ऑइल अजून कामाचं आहे की मेलं, हे ते वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकून सांगत. डाग कसा पसरतो ते बघायचे आणि तो कागदही घडी घालून डब्यात टाकायचे. त्यांच्या बायकोला, आबेदाला, लग्नाआधी कुणी तरी म्हटलं होतं की मिस्त्रीच्या घरात कालवणालाही डिझेलचा वास येतो. चाळीस वर्षांत एकदाही आला नाही, हे ती अजून ज्याला त्याला सांगते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी गावानं ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत भाग घेतला. घरोघरी न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डे झाले. खड्डा खणायचा, तळाला दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. पाणी आत जातं आणि जमीन ते पिऊन टाकते. मिस्त्रींना ही युक्ती फार आवडली. तोवर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल आणि पार्ट धुतलेलं डिझेल त्यांच्याकडं डब्यांत साठायचं. थोडं लोक न्यायचे, खांबांना वाळवी लागू नये म्हणून. उरलेलं कुठं टाकायचं? दुसरे गॅरेजवाले गटारात सोडत, त्याची मिस्त्रींना किळस होती. त्यांनी गॅरेजमागं लिंबाखाली पुरुषभर खोल शोषखड्डा खणला.

तपासणीच्या समितीनं कुठंच डाग नसलेलं गॅरेज पाहिलं आणि थक्क झाली. खड्ड्याशेजारी मिस्त्रींना उभं करून फोटो काढला, नारळ दिला. खड्ड्यात काय जातं ते कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनाही सांगावंसं वाटलं नाही. पाणी जातं तिथं तेल जाईल, त्यात सांगायचं काय? तो फोटो चौकटीत बसवून त्यांनी घरात दाराच्या समोर लावला. फोटोत ते अंग चोरून उभे आहेत, मागं कोवळा लिंब आहे आणि पायाशी विटांची गोल कड.

पुढं गुडघे गेले. पाच वर्षांपूर्वी गॅरेज बंद केलं आणि ग्रामपंचायतीची ती जागा पंचायतीला परत दिली. त्याच्या आधीच खड्ड्याच्या तोंडावर शहाबादी फरशी टाकून त्यांनी वर दगडी कट्टा बांधला होता. जागा गेली तरी कट्ट्यावर बसायची सवय गेली नाही. रोज सकाळी उताराच्या रानातून नानासो यायचे. फौजेतून हवालदार होऊन आलेले, मिशा अजून ताठ. आबेदानं दिलेला चहा दोघं तिथं प्यायचे. नानासोंची विहीर कट्ट्यापासून शंभर पावलांवर. त्यांच्या वडिलांनी पहारीनं खणलेली, आणि तिच्यावरचं पहिलं इंजिन सिकंदरनं अठराव्या वर्षी सुरू करून दिलेलं.

एका उन्हाळ्यात नानासोंच्या म्हशीनं पाण्याला तोंड लावेनासं केलं. बादलीत फुंकर मारायची आणि मान फिरवायची.

"लय नखरे वाढल्यात," नानासो म्हणाले. "कॅन्टीनचा साबण मागंल आता."

मग एका सकाळी उन्हं विहिरीत उतरली, तेव्हा पाण्यावर मोराच्या मानेसारखे रंग दिसले. त्याच आठवड्यात पंचायतीनं गॅरेजच्या जागी अभ्यासिकेचा पाया काढायला घेतला आणि हातभर खाली काळी, वासाची माती लागली.

सांगलीहून शिवांजली नावाची इंजिनीअर आली. अशीच बिघडलेली जमीन आणि पाणी साफ करायचं तिचं काम. बारीक बोअर मारून तिनं ठिकठिकाणी नळ्या सोडल्या, पाणी बाटल्यांत भरून नेलं. नानासोंना विहिरीचं पाणी वापरू नका म्हणाली. घराला आणि जनावरांना टँकर सुरू झाला. गाडीखाली उभं राहायचा गॅरेजातला खड्डा होता, त्याच्या तळची माती काढली. लोकांना वाटलं, झालं काम. चार महिने गेले, पण विहिरीवरचे रंग हटेनात.

शिवांजली कट्ट्यावर येऊन बसली. "काका, अजून कुठून तरी तेल येतंय. तुम्ही इथं इतकी वर्षं होता. दुसरीकडं कुठं सांडायचं का?"

"सांडायचं?" मिस्त्री ताठ झाले. "माझ्या गॅरेजात सांडत नव्हतं ताई. कुणालाबी इचारा."

"त्येची साक्ष मी देतो," नानासो म्हणाले. "ह्यो चहासुदीक सांडत न्हाई."

तिघं हसले. शिवांजली उठून गेली. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. तो कट्ट्यावर टेकल्याचा आवाज त्यांना पोकळ वाटला. इतकी वर्षं त्या कट्ट्यावर कप ठेवत होते, पण तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरला.

तिला ते खोटं बोलले नव्हते. सांडणं म्हणजे गलथानपणा, आणि त्यांनी कधी सांडलं नाही. त्यांनी रोज संध्याकाळी, हात धुण्याआधी, डबा नीट तिरका धरून, कडेला थेंब न लागू देता ओतलं होतं. पंधरा-सोळा वर्षं. हे कुणाला सांगायचं म्हणजे चाळीस वर्षं कमावलेलं नाव आपल्याच हातानं पुसायचं. आणि नानासोंपुढं सांगायचं म्हणजे तर... ज्याच्या शेजारी बसून रोज चहा प्यायचा, त्याच्याच विहिरीत. त्यांनी चार दिवस गुडघे दुखतात म्हणून कट्ट्यावर जायचं टाळलं.

पाचव्या दिवशी नानासोच घरी आले. नेहमीसारखे आत आले नाहीत, उंबऱ्यावरच बसले.

"सिकंदर, हीर बुजवावी म्हंतोय."

"आं?"

"मुरूम टाकून टाकतो. पाणी दिसतंय आन् पिता येत न्हाई, ह्ये रोज कुठं बघत बसू? म्हाताऱ्यानं हाताला फोड आणून खणली हुती. त्यो असता तर मला जोड्यानं हाणला असता." मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "उद्या जेसीबीवाल्याला बोलवतो."

आबेदा चहा घेऊन आली. मिस्त्रींनी तो घेतला नाही. ते उठले, भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि नानासोंच्या मांडीवर ठेवला.

"ह्येच्यात काय बघू? तुझं थोबाड?"

"माझ्या पायाशी बघ."

नानासोंनी फोटो लांब धरून पाहिला. विटांची कड पाहिली, मागचा लिंब पाहिला.

"गड्या, आपण रोज बसतोय ना, त्येच्या खाली हाय ह्यो. त्या पोरीनं इचारलं, सांडलं का. मी न्हाई म्हनलो." मिस्त्रींनी फोटोतल्या विटांच्या कडेवर बोट टेकवलं. "सांडलं न्हाई रं. ओतलं. समदं मीच ओतलं."

नानासोंनी फोटो उंबऱ्यावर ठेवला आणि उठून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला, वर साय धरली.

"आवं, गेले ते," आबेदा म्हणाली.

"जाणारच की."

"मग आता?"

"आता त्या पोरीकडं जातो."

शिवांजलीनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं नाही, हे मिस्त्रींना बरं वाटलं. मग म्हणाली, "काका, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण हे आज सांगितलं नसतं, तर आम्ही वर्षभर भलतीकडंच खणत बसलो असतो." फोटोतल्या लिंबापासून अंतराचा अंदाज घेऊन तिनं खुणेची खुंटी मारली. ती बरोबर कट्ट्याच्या मधोमध आली.

कट्टा फोडायला मिस्त्रींनी मशीन लावू दिलं नाही. स्वतः पहार घेतली. गुडघ्यांमुळं दर चार घावांनी बसावं लागे. लोक जमले. कुणी तरी म्हणालं, "मिस्त्री, नारळ परत करावा लागंल बरं का." ते खाली मान घालून घाव घालत राहिले. फरशी उचलली तेव्हा जो वास आला, तो त्यांनी लगेच ओळखला. आपल्या गॅरेजात कधी आला नाही म्हणायचे तो सगळा वास इथं जमा झाला होता.

माती पार कातळापर्यंत काढली. पंचायतीच्या मोकळ्या जागेत जाड प्लास्टिक अंथरून तिचे लांब वाफे केले. शिवांजलीनं समजावलं, "कातळाच्या भेगांतून तेल उताराला सरकत गेलंय. तिथलं पाणी आपण उपसून कोळशातून गाळू. आणि मातीतलं तेल खाणारे जंतू मातीतच असतात, त्यांना फक्त हवा, ओल आणि खाद्य द्यायचं. कडब्याची कुट्टी आणि शेण मिसळायचं, दर आठवड्याला खालीवर करायचं. विरजण लावल्यासारखं."

"खालीवर मी करतो," मिस्त्री म्हणाले.

कुट्टी मिळाली. शेणाचं मात्र अडलं. ज्याच्या त्याच्या उकिरड्यावर ज्याच्या त्याच्या रानाचा हक्क. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॉली येऊन उभी राहिली. वर नानासो.

मिस्त्री खोरं टाकून पुढं झाले.

"तुझ्यासाठी न्हाई," नानासो वरूनच म्हणाले. "म्हशीचं मन झालं, तिनं पाठवलंय. बाजूला सर."

ट्रॉली रिकामी झाली. जाताना एवढंच म्हणाले, "जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलंय."

मग दर आठवड्याला मिस्त्री वाफे खालीवर करू लागले. आणि दर वेळी मूठभर माती ओली करून, वर्तमानपत्राच्या कागदात गच्च दाबून उन्हात ठेवू लागले. पाणी वाळून जायचं, मागं तेलाचा डाग राहायचा. पहिल्या महिन्यातला डाग भज्यांच्या कागदासारखा, पलीकडचं दिसावं असा. कागदावर तारीख घालून ते घरी खिळ्याला लावायचे, फोटोच्याच खिळ्याला. शिवांजली हसली, तिची खरी तपासणी प्रयोगशाळेत व्हायची. पण तिकडचे आकडे कमी होत गेले तसे हे डागही लहान होत गेले. दहाव्या महिन्यात कागद वाळला तो नुसता मळलेला निघाला. मिस्त्रींनी तो उजेडाला धरून तीनदा पाहिला, मग आबेदाला पाहायला लावला.

विहिरीचा अहवाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. जनावरांना आणि पिकाला पाणी चालेल. माणसांनी अजून वर्षभर तरी पिऊ नये, तपासणी सुरू ठेवावी. नानासोंनी कागद वाचून त्याची घडी केली आणि बादली विहिरीत सोडली. मिस्त्री थोडे लांब, बांधाजवळ उभे राहिले.

म्हशीनं बादलीवर तोंड नेलं. फुंकर मारली. मान वर केली.

दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग तिनं तोंड बुडवलं, आणि बादलीचा तळ दिसेपर्यंत काढलं नाही.

नानासो मिस्त्रींकडं वळले. "कट्टा कवा बांधणार हायस? वर्ष झालं उभ्यानं चहा पितोय मी."

"बांधतो की."

"आन् खाली काय घालणार हायस?"

"माती," सिकंदर मिस्त्री म्हणाले.

"आदी कागदात दाबून दाखव मला," नानासो म्हणाले, आणि म्हशीसाठी दुसरी बादली सोडली.