झीरो क्लिअरन्सचा फायटर

आमच्याकडे मारामाऱ्या गुरुवारी होत. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, एरवी कुणाला सवडच नसे. एक जण फर्स्ट शिफ्टला, दुसरा सेकंडला. अशात दुश्मनी सांभाळणं किती जिकिरीचं असतं, ते आजकालच्या गुंडांना कळायचं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चिंचवडमध्ये आमच्या दोन गँगा होत्या. एक गावठाणातल्या पोरांची आणि दुसरी आमची, म्हणजे चाळीतल्यांची. आमचे बाप नोकरीसाठी कुठून कुठून आलेले. गावठाणवाले म्हणत, जमिनी आमच्या गेल्या आणि नोकऱ्या तुम्हाला. आम्ही म्हणायचो, मग अर्ज करायचा होता. खरं तर त्यांचं बरोबर होतं, पण हे मी आज लिहितोय. तेव्हा म्हटलं असतं तर आमच्याच लोकांनी मला धुतलं असतं.

मी टर्नरचा ॲप्रेंटिस होतो आणि स्वतःला फार मोठा कारागीर समजत होतो. आमच्या गँगच्या दादासाठी मी एक फायटर बनवला. चार बोटांत चार कड्या अडकवून मूठ आवळायची, असं ते हत्यार. बाकीच्या गँगा पत्रा वाकवून काहीतरी करत. मी भल्या सकाळी व्हर्नियर लावून दादाच्या प्रत्येक बोटाचं माप घेतलं, ड्रॉइंग काढलं, चांगलं टूल स्टील मिळवलं आणि शेवटी ते भट्टीत घालून कडक केलं. इतकं देखणं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी बाराला, रुळांपलीकडच्या मैदानावर दोन्ही गँगा समोरासमोर उभ्या राहिल्या. दादाने उत्साहाच्या भरात घरीच वाळूच्या पोत्यावर तासभर सराव केला होता. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "निघत नाहीये रे." बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती आणि फायटर त्यांत रुतून बसला होता.

गावठाणाचा म्होरक्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, कामाला होता. तो सरळ चालत आला आणि म्हणाला, "हात दाव बरं."

दादाने मुकाट्याने दाखवला.

"कुनी केलंय?"

"मी," मी म्हणालो.

"हार्डन केलंयस?"

"हो."

"क्लिअरन्स किती ठिवलाय?"

"झीरो." बोट आणि कडी यांच्यात केसाइतकीही फट मी ठेवली नव्हती.

त्याने माझ्याकडे जे पाहिलं, तसं आमच्या फोरमननेही कधी पाहिलं नव्हतं. "मानसाच्या बोटाला झीरो क्लिअरन्स? बोट फुगतंय, येवढं बी ठावं न्हाई व्हय रं तुला?" दोन्ही गँगा हसल्या. आमचीसुद्धा, हे मला लागलं.

हॅक्सॉ चालणार नव्हता, कारण स्टील मी इतकं कडक केलं होतं की ब्लेड नुसतं घसरलं असतं. घासूनच काढावं लागणार होतं. त्याच्या चुलत्याच्या शेडमध्ये हाताने फिरवायचा ग्राइंडर होता. वीस जणांची वरात तिकडे निघाली. हँडल फिरवायला पाळ्या लागल्या, एक त्यांचा, एक आमचा. ज्याचं डोकं फोडायला मी आलो होतो, तोच मला "दमला असशील, सोड" म्हणत होता.

कडी तापली की दादा कळवळायचा. तेव्हा म्होरक्याने ती स्वतःच्या चिमटीत धरली. म्हणाला, "चटका आदी मला बसंल, मग मी पानी टाकतो."

तिसऱ्या कडीला दादाने सांगून टाकलं. उद्या सकाळी त्याची एका कंपनीत फिटरची टेस्ट होती. जागा एकच. दोन वर्षं तो टेम्पररी होता आणि घरात कमावणारा तो एकटा.

म्होरक्या थांबला. "मलाबी कॉल हाय. त्याच जागंचा."

हँडल मी फिरवत होतो, तेही थांबलं. त्याने फक्त उठून निघून जायचं होतं. कुणी त्याला बोल लावला नसता. त्याने कडीवर पाणी टाकलं आणि माझ्यावर खेकसला, "फिरव की."

चौथी कडी तीन वाजता तुटली. दादाची बोटं सुजलेली, पण शाबूत होती. म्होरक्याच्या अंगठ्याची आणि दोन बोटांची साल निघाली होती. त्याने हात पटकन खिशात घातला.

टेस्टमध्ये फाइल, म्हणजे कानस, मारायची होती. दादाने सूज घेऊन मारली. म्होरक्याला फाइल धरताच आली नाही.

दादाला नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन गावठाणात गेला. मागोमाग आम्ही. म्होरक्या ओट्यावर बसला होता, बोटांना अजून पट्ट्या. त्याला पेढा उचलता येईना, म्हणून दादाने त्याच्या तोंडात घातला. त्याने तो सावकाश खाल्ला, "ग्वाड हाय" म्हणाला आणि पुडा माझ्यापुढे सरकवला. मला एकही घेववला नाही.