सीताफळाविना नवरात्र

माझं माहेर सांगली शहरातलं आणि सासर कोरेगावपासून आठ किलोमीटरवरच्या एका गावातलं. त्याच गावातल्या हायस्कूलमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा मोजकं बोलतात, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेत नाहीत. त्यांनी एखाद्या लग्नाला येतो म्हटलं की ते पूर आला तरी जातात, आणि येत नाही म्हटलं की नवरदेवाचा बाप घरी येऊन बसला तरी हलत नाहीत. एका नवरात्रात या स्वभावानं आमच्या सगळ्या घराला चांगलंच कामाला लावलं. त्याला कारण मी झाले.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात माझे यजमान एका मित्राच्या वास्तुशांतीला जतला गेले आणि येताना फोन भरून फोटो घेऊन आले. मित्रानं माळरानावर ड्रॅगन फ्रूट लावलं होतं. आमची कालव्याखालची जमीन सगळी उसाची, पण वरच्या अंगाला दोन एकर मुरमाड माळ आहे. तिथं गवताशिवाय काही येत नाही. तिथं ही बाग करावी, पाणी कमी लागतं, असं यजमानांच्या मनानं घेतलं. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांपुढे विषय काढला.

मामांनी फोन हात लांब करून धरला आणि एकेक फोटो नीट बघून परत दिला.

"ह्यो निवडुंग हाय," ते म्हणाले.

त्याचाच भाऊबंद आहे, असं यजमानांनी कबूल केलं. त्यावर मामा म्हणाले, की त्यांच्या वडलांची निम्मी हयात कुदळीनं निवडुंग खणून काढण्यात गेली आणि आता तुम्ही खांब रोवून तो लावणार. मग त्यांनी निकालच देऊन टाकला. "भायेरच्या देशातलं फळ ह्या रानात न्हाई आन् ह्या घरातबी न्हाई. आपल्याकडं काय फळं कमी हायती?"

असं म्हणून त्यांनी घटापुढच्या ताटाकडं हात केला. ताटात सीताफळ, पेरू, पपई, चिकू आणि केळी अशी पाच फळं होती.

मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गावर पंधरा वर्षं उभं राहिलं की चुकीचं उत्तर ऐकून सोडून देणं जमत नाही. मी म्हटलं, "मामा, त्यातली केळी सोडली तर बाकीची चारही फळं अमेरिकेच्या बाजूनं आलेली आहेत."

मला वाटलं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी ताटाकडं पाहिलं आणि विचारलं, "सीताफळबी?"

"सीताफळबी."

"नाव तर सीतेचं हाय."

मग मला सगळं सांगावं लागलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही फळं आली, इथल्या मातीला मानवली, इथल्या लोकांना आवडली आणि लोकांनी त्यांना आपल्या घरातली नावं दिली. एकाला सीतेचं दिलं, म्हणून त्याच्या भाऊबंदाला रामाचं. काही जाणकार म्हणतात की जुन्या शिल्पांत सीताफळासारखं फळ कोरलेलं दिसतं, म्हणजे ते आधीपासून इथं असेल, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी विचारलं, बहुतेक जण काय म्हणतात. बहुतेक जण अमेरिका म्हणतात, असं सांगितल्यावर ते म्हणाले, मग बहुतेकांचं धरायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पुस्तक मागवलं. शाळेच्या ग्रंथालयात वनस्पतींच्या इतिहासावरची दोन जाड पुस्तकं होती, ती मी मधल्या सुट्टीत घरी आणून दिली. मामा जेवणवेळेनंतर पुढच्या सोप्यात बसले. चष्मा लावला, सैन्यातली एक जुनी डायरी उघडली आणि कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं 'आपलं', उजव्या बाजूला 'भायेरचं'. मी शाळेतून आले तेव्हा उजवी बाजू पान उलटून मागे गेली होती.

पेरूच्या नावानं त्यांना बराच वेळ अडवलं होतं. काहींच्या मते ते पेरू देशावरून पडलं, काहींच्या मते पोर्तुगीज भाषेत नाशपातीला जो शब्द आहे त्यावरून. अननसाचं नाव तर त्या फळाबरोबरच जहाजात बसून आलं होतं. कलिंगड आफ्रिकेचं, डाळिंब इराणच्या बाजूचं, सफरचंद मध्य आशियातल्या डोंगरांतलं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वाचून मात्र ते थक्क झाले. अमेरिकेतल्या दोन जातींची युरोपातल्या बागेत गाठ पडली, त्यातून ती झाली आणि इंग्रजांबरोबर आपल्या डोंगरावर आली. डाव्या बाजूला आंबा, फणस, जांभूळ, बोर, आवळा, कवठ आणि करवंद होती. आंब्याखाली त्यांनी हापूस लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण आंबा आपला असला तरी हापूसचं नाव आणि कलम पोर्तुगीजांच्या काळातलं.

संध्याकाळी आरती झाल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "भायेरचं फळ ह्या घरात न्हाई, आसं मी बोललो व्हतो. तुमी खावा, तुमाला सक्ती न्हाई. मी खाणार न्हाई."

फळांपुरतंच असतं तर निभलं असतं. पण ते फळांवर थांबले नव्हते, दोन्ही पुस्तकं पुढं वाचत चालले होते. मामा नऊ दिवस उपवास करतात. चौथ्या दिवशी सकाळी आत्यांनी साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली, तर त्यांनी ताट हळूच सरकवलं. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद तिकडचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरचीसुद्धा तिकडची. आत्या उठून रताळी उकडायला निघाल्या, तर रताळंही तिकडचं. राजगिऱ्याचा लाडू डब्यातून काढला, तर राजगिराही.

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. आजवर त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं, त्या दिवशीही दुखवलं नाही. त्यांनी मामांना एवढंच विचारलं, "मग ती जहाजं यायच्या आदी उपवासाला लोक खात काय व्हती?"

मामांनी डायरी बघितली आणि म्हणाले, "वरी."

मग वरीच सुरू झाली. वरीचा भात, वर साजूक तूप, जिरं आणि मिरपूड, सोबत काकडी आणि ताक. जिरं मुळात कुठलं, याबद्दल मी तोंड मिटून बसले. त्या घरात आता आणखी शिकवायची माझी हिंमत नव्हती. यजमान रात्री माझ्यापाशी हसून घेत आणि मामांपुढं गंभीर चेहऱ्यानं वावरत. ड्रॅगन फ्रूटचं नाव त्यांनी काढलंच नाही.

पाचव्या दिवशी गोष्ट गावात गेली. देवळामागं चिंचेचं मोठं झाड आहे. गावातले निवृत्त फौजी रोज सकाळी त्याच्या पारावर पेपर वाचत बसतात. मामांनी त्यांना सांगितलं की ही चिंच आफ्रिकेतली आहे. मोठा वाद झाला. मी शाळेला निघाले होते, तर मामांच्या पलटणीतल्या एका हवालदारांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "बाई, ह्ये सुभेदार म्हणत्यात ते खरं का?" खरं आहे, पण ती हजारो वर्षांपूर्वी आली, इतकी जुनी की तिकडच्या पुस्तकांतही तिच्या नावात हिंदुस्थान आहे, असं मी सांगितलं. हवालदार खूश होऊन परत पारावर जाऊन बसले. मामा मात्र तीस पावलांवरच्या पिंपळाखाली एकटेच पेपर वाचत बसले, कारण पिंपळ डायरीत डाव्या बाजूला होता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. आपण एक साधी माहिती दिली आणि या माणसाचं जेवण गेलं, पारावरची सोबतही गेली, असं मनात येत होतं.

आठव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. मामा पुस्तकात बोट घालून दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, ह्ये उसाचं खरं हाय?"

ते पान त्यांना सापडू नये, अशी माझी मनोमन इच्छा होती. खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ऊस मुळात पूर्वेकडच्या लांबच्या बेटांवरचा, न्यू गिनीच्या बाजूचा. फार जुन्या काळी फिरत फिरत इकडं आला. पण त्याच्या रसापासून गूळ आणि साखर करायची विद्या आपल्याकडची आहे, जगानं ती इथून घेतली.

मामांनी मागं वळून बघितलं. आमच्या मागच्या दारातून कालव्यापर्यंत ऊसच दिसतो. त्या दिवसांत तो डोक्यावर गेलेला असतो, वारा आला की सगळं रान सळसळतं. त्यांच्या आजोबांनी लावला, वडलांनी लावला, सैन्यातून आल्यावर त्यांनी लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उठले, तर मामा हसत होते. पंधरा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आत्या मागच्या परड्यातून हात पुसत धावत आल्या.

डोळे पुसून मामा उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "पलटणीत नवा गडी आला की त्याचं गाव रजिस्टरात लिवायचं आसतंय. पर त्याला जेवायच्या रांगेतनं काढायचं नसतंय. माझं तिथं चुकलं." आणि आत्यांना म्हणाले, "सीताफळ हाय का घरात?"

आत्या लगेच आत गेल्या. कणगीमागं गवतात त्यांनी पाडाची सीताफळं पिकत घातली होती, त्यातलं सगळ्यात मोठं काढून आणलं. मामांनी तिथंच बसून ते खाल्लं, बिया परड्यात टाकल्या आणि दुसरं मागितलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर त्यांनी यजमानांना बोलावलं आणि ड्रॅगन फ्रूटसाठी अर्धा माळ दिला. सगळा नाही, अर्धाच. शिवाय बांधानं बोर, आवळा, कवठ आणि जांभूळ लावायचं, कारण ही झाडं आता कुणी मुद्दाम लावत नाही, अशी अट घातली. मग ते स्वतः जतला गेले, त्या मित्राच्या मळ्यात दोन दिवस राहिले आणि सगळं विचारून आले. खांब रोवताना त्यांनी दोरी लावून अशा ओळी धरल्या की गडी कंटाळले. एक खांब चार बोटं बाहेर गेला होता, तो त्यांनी उपटून परत बसवायला लावला.

दुसऱ्या वर्षी फुलं आली. ती अंधारात उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून मामा आम्हाला तांबडं फुटायच्या वेळी माळावर घेऊन गेले. ताटलीएवढी पांढरी फुलं ओळीनं लागली होती. आत्यांनी एका फुलाला खालून हात लावून बघितला आणि म्हणाल्या, लय देखणं हाय की. महिन्यानं फळ आलं. पहिली फोड मामांनी खाल्ली आणि खूप विचार करून म्हणाले, काकडीला साखर लावल्यागत लागतंय. मग दुसरी फोड उचलली.

यंदा जूनच्या शेवटी मी आठवीचा वर्ग माळावर नेला. मामांनी पांढरा सदरा घालून, डायरी हातात घेऊन, कुठलं फळ कुठल्या समुद्रातून आलं ते मुलांना तासभर सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग आपलं फळ कुठलं?"

"आता सगळीच आपली," मामा म्हणाले. "पर सगळ्यात आदीचं दावतो, चला."

ते त्यांना ओढ्याकाठच्या जुन्या जांभळीखाली घेऊन गेले. बहर संपत आला होता, तरी खाली सडा पडला होता. मुलं तुटून पडली. मग मामांनी सगळ्यांना ओळीत उभं करून जिभा बाहेर काढायला लावल्या, कुणाची जास्त जांभळी झाली ते तपासलं आणि शेवटी स्वतःची काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी चार मुलींच्या आया गणवेशावरच्या डागांबद्दल विचारायला शाळेत आल्या. मी त्यांना मामांकडं पाठवलं. त्या परतल्या तेव्हा प्रत्येकीच्या पदरात ओंजळभर जांभळं होती.